समसंख्येची बाजू

हेरंबच्या तक्त्यात अकरा रकाने.
भाडं, कौन्सिल टॅक्स, ट्रामपर्यंत किती मिनिटं,
शाळेचा शेरा,
डॉक्टर नवे पेशंट घेतो का,
तळघराला ओल आहे का.
बारावा रकाना मी घातला, रात्री, सगळे झोपल्यावर.
त्याला नाव सुचेना. तसाच ठेवला.

वेस्ट ब्रिजफर्डचं घर लख्ख होतं.
दाराशी लॅव्हेंडर, स्वयंपाकघरात ऊन,
ओटा अगदी माझ्या कोपराच्या उंचीचा.
मनातल्या मनात मी डबे लावून मोकळी,
खाली तांदूळ, वर तिखट,
शौनकचा हात पोचणार नाही असं.
तेवढ्यात एजंट म्हणाली,
एकच आहे, शाळेची हद्द
या रस्त्याच्या मधून जाते.
विषम नंबरांची घरं आत.
सम बाहेर.
आम्ही अठ्ठावीसमध्ये उभे होतो.

रस्ता तो केवढा!
समोरच्या बाईने पायपुसणं झटकलं असतं
तर धूळ आमच्या खिडकीवर बसली असती.
तिच्या पायरीशी कुणा पोराची स्कूटर
आडवी पडलेली,
हद्दीच्या आत, निवांत.

कैरवी सहा वर्षांची.
सम-विषम नुकतंच शिकवलंय तिला,
ताटलीत चणे मांडून.
ज्याला जोडीदार उरत नाही तो विषम,
हे माझेच शब्द.
ती म्हणाली,
म्हणजे इथे एकट्याला आत घेतात?
एजंटला मराठी येत नव्हतं, तरी ती हसली.
हेरंबने अठ्ठाविसाची ओळ तांबडी केली.
मी ओट्यावरून हात फिरवला, उगाच, एकदा.

मग अर्नल्ड. तिथला चढ
बाबागाडी ढकलून पाहिल्यावर कळतो, नकाशात नाही.
आणखी एका भागाचं नाव काढलं
की हेरंबच्या ऑफिसातले आवाज खाली करायचे.
का, ते कुणी सांगितलं नाही.
आम्ही विचारलं नाही,
आणि तिकडे गेलोही नाही.
साताऱ्यात आईबाबा भाड्याचं घर शोधत होते
तेव्हा मालक आधी आडनाव विचारायचे.
इथे पोस्टकोड विचारतात.
त्या दिवशी विचारणाऱ्यांत मी होते.

बीस्टनला पोचेपर्यंत शौनक झोपला होता,
माझ्या खांद्यावर त्याच्या लाळेचा नकाशा.
घर अरुंद, लाल विटांचं, जिना शिडीसारखा.
परसात उभे होतो तर कुंपणावरून शेजारच्या म्हाताऱ्याने
आपलं नाव क्लाइव्ह असल्याचं सांगितलं,
आणि लगेच पुढे,
मागची खोली भयंकर गार आहे हो,
पोरांना पुढे झोपवा.
एजंटचा चेहरा बघण्यासारखा झाला.
जवळच्या शाळेचा शेरा होता,
सुधारणेला वाव आहे.
माझ्या प्रगतिपुस्तकात पाचवीपासून हेच.
नंबर किती, कैरवीने विचारलं.
चौदा.
तिने बोटं मोडून पाहिलं, सात नि सात.
सम, म्हणाली, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
बैठक मारून बसली,
जसं काही सामान येईपर्यंत तिथेच थांबणार होती.

ऑगस्टात आलो. क्लाइव्हचं खरं निघालं.
मागच्या खोलीत आता बॅगा झोपतात.
कधी कधी रात्री मी अठ्ठाविसाच्या ओट्यावर
अजून डबे लावत असते.
हेरंब म्हणाला, तो बारावा रकाना पुसू का?
मी म्हटलं, राहू दे.

सोमवारी शाळेच्या फाटकात
बाई मुलांच्या जोड्या लावत होत्या.
सव्वीस जणांचे हात हातात गेले.
कैरवी सत्ताविसावी.
माझ्या पोटात काहीतरी हललं.
बाईंनी आपलाच हात पुढे केला,
तिने तो धरला,
आणि दारातून आत जाता जाता
मागे वळून मला
एक बोट दाखवलं.